दाजींच्या गाडीला साधं पेट्रोल

श्रेष्ठ वस्तूला श्रेष्ठ अन्नच लागतं, हे तत्त्व आमच्या घरात एके काळी वेदवाक्यासारखं मानलं जाई. ते सांगणारे आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, स्वतः रोज सकाळी नाशकातल्या अंबडला कारखान्याच्या फाटकासमोर टपरीवर उभ्या उभ्या कालच्या तेलातली भजी खात. तत्त्व फक्त गाडीपुरतं होतं.

पण ही गाडी नंतर आली. आधी होती एक सेकंडहँड व्हॅन. नव्वदच्या सुमाराला दाजींची अंबडला एकच शेड होती. तिच्यात एक प्रेस मशीन, आणि त्या प्रेसवर ते स्वतः उभे. पत्र्याचे सुटे भाग दाबून मोठ्या कंपन्यांना द्यायचे. माल पोचवायला माणूस परवडत नव्हता, म्हणून दाजींनी ताईला गाडी शिकवली. रविवारी सकाळी गोल्फ क्लब मैदानावर व्हॅन गोल गोल फिरायची आणि दाजी शेजारी बसून ओरडायचे, "अगं, क्लच सोड, जीव सोडू नको!" ताई हसायची आणि गाडी बंद पडायची.

महिन्याभरात ती एकटी माल घेऊन जायला लागली. साडीचा पदर खोचलेला, मागे पत्र्याच्या भागांनी भरलेले क्रेट. कंपनीच्या फाटकावर वॉचमन विचारायचा, "ड्रायव्हर कुठाय?"

"मीच."

"अन् साहेब?"

"साहेब प्रेसवर आहेत. गेट उघडा."

हा संवाद दाजी त्या काळात येईल त्या पाहुण्याला नकला करून दाखवत. "आमची बायको माल टाकते," असं ते सांगत, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा खरोखर उजळलेला असे. मी हे मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण पुढे त्यांनी हा किस्सा कधी घडलाच नाही असं ठरवून टाकलं.

शेडच्या तीन शेडी झाल्या. गंगापूर रोडला बंगला झाला. माल टेम्पोने जाऊ लागला आणि ताई देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत मराठी शिकवू लागली. तिच्या वर्गात फौजी अधिकाऱ्यांची मुलं असत. दर दोन वर्षांनी बापाची बदली होणार, मराठीचा उपयोग शून्य, तरी तिला ते काम आवडायचं. त्याहून जास्त आवडायचा तिथवरचा रस्ता. नाशिकरोडची गर्दी संपली की कॅम्पाचे झाडांचे, चुना मारलेल्या कडांचे सरळ रस्ते लागतात. दाजींनी तिला एक छोटी पांढरी गाडी घेऊन दिली होती. "कॅम्पात शिरलं की मी गिअर तिसऱ्यातून चौथ्यात टाकते आणि गाते," असं ती मला एकदा म्हणाली होती. ती बेसूर गाते. एरवी आम्ही गाऊ देत नसू.

दोन हजारनंतर केव्हातरी दाजींनी जर्मन बनावटीची टर्बो गाडी घेतली. नाशकात तिचं शोरूम नव्हतं, ती मुंबईहून आली. मोठी गंभीर, काळी गाडी. जमिनीपासून इतकी खाली की आमच्याकडच्या गतिरोधकांना पोट घासायचं, म्हणून मोठा गतिरोधक आला की मागच्यांना उतरवत. सत्तरीची माझी आई निमूट उतरून तो पायी ओलांडायची आणि पलीकडे पुन्हा बसायची. जर्मनीत असंच करतात अशी तिची समजूत होती.

ह्या गाडीच्या माहितीपुस्तकात भारी पेट्रोल वापरावं अशी शिफारस होती. योगायोगाने त्याच सुमाराला नाशकातल्या मोजक्या पंपांवर प्रीमियम नावाचं पेट्रोल मिळू लागलं होतं. दाजींना दुसरं काय हवं होतं! इतर लोक गाडीत बसून काच खाली करतात आणि आकडा सांगतात. दाजी उतरायचे. छतावर हात ठेवायचे. रांगेतल्या शेवटच्या स्कूटरवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "प्रीमियम. फुल." पंपावरचा पोरगा सवयीने म्हणायचा, "शेठ, झिरो बघा." दाजींनी झिरो कधीच बघितला नाही. आपल्याकडे कोण कोण बघतंय, ते बघत असत.

बंगल्याला एक गॅरेज होतं. अर्ध्या गॅरेजात गावाकडून आलेलं वर्षाचं धान्य असे: गव्हाची, बाजरीची पोती, कडुलिंबाचा पाला घालून रचलेली. दाजींच्या वडिलांच्या काळापासूनची पद्धत. वर्षाचं धान्य घरात नसेल तर त्यांना झोप येत नसे, आणि ते स्वाभाविक आहे, मी त्याला हसत नाही. अडचण एवढीच झाली की काळी गाडी, पांढरी गाडी आणि पोती एकत्र मावेनात. काळी गाडी उन्हात ठेवणं शक्य नव्हतं. पोती हलवणं तर बोलण्यासारखंही नव्हतं. तेव्हा पांढरी गाडी विकली.

"ही आहेच की," दाजी ताईला म्हणाले. "तुझीच समज. शाळेला ने खुशाल, मला कारखान्याची जीप आहे."

खरं सांगायचं तर ताईने ती गाडी आठवडाभरात अंगवळणी पाडली. दाजी ती देव्हाऱ्यासारखी चालवत, ताई गाडीसारखी चालवायची. भिंतीवर किल्लीच्याच आकाराचा एक लाकडी बोर्ड होता, त्याच्या पहिल्या हुकाला काळ्या गाडीची किल्ली लटके. सकाळी हूक रिकामा, संध्याकाळी भरलेला. असं वर्षभर चाललं.

मग एका सुट्टीच्या दिवशी आईला त्र्यंबकला जायचं होतं. दाजी पुण्याला गेलेले. ताई गाडी चालवत होती, आई पुढे, मी मागे. गाव सोडल्यावर ताईच्या लक्षात आलं की काटा खाली आहे. रस्त्यात एक पंप होता, तिथे प्रीमियम नव्हतं.

पंपावरचा माणूस गाडीला एक फेरी मारून आला. "ताई, ही गाडी साधं पीत नाही म्हणतात."

"आज पिईल," ताई म्हणाली. "टाका."

आईने काळजीने विचारलं, "अगं, त्यांना चालेल का?"

"त्यांना नाही पाजत आहे, आई. गाडीला पाजते आहे."

गाडी प्यायली आणि पळाली. पुढे एक एसटी धूर सोडत चालली होती. ताईने तिला असं मागे टाकलं की आईने डॅशबोर्ड धरला आणि मग दोघी हसायला लागल्या. त्यांना एकत्र इतकं हसताना मी नंतर पाहिलं नाही. दर्शन झालं, पेढे घेतले, परत आलो. येताना ताई गात होती.

चार-पाच दिवसांनी गाडी शाळेच्या वाटेवर धक्के खाऊ लागली आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. ताईने ती सावकाश घरी आणली. संध्याकाळी दाजींनी विचारलं, "शेवटचं पेट्रोल कुठं भरलंस?" तिने सरळ सांगितलं. लपवण्यासारखं काही आहे असं तिच्या मनातही आलं नसावं.

त्यानंतर अंगणात जे झालं त्याला पंचनामा हाच शब्द आहे. दाजींचे मित्र जमले: एक प्लॉटचा व्यवहार करणारे, एक द्राक्षं निर्यात करणारे, एक नुसतेच. बॉनेट उघडलं गेलं. आत काय आहे हे कुणालाच कळत नव्हतं, त्यामुळे मतं भराभर येत गेली.

"साधं पाजलं की टर्बो आतून खाते."

"खाते म्हणजे? संपलीच म्हणायची."

"वहिनी, हिला तुम्ही रॉकेल पाजलं असं समजा."

ताई दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. दाजी तिच्याकडे न बघता म्हणाले, "व्हॅन चालवणाऱ्या बाईच्या हाती ही गाडी दिली, चूक माझीच." सगळे हसले. ताईने ट्रे ठेवला. कप बरोबर वाटले, बिनसाखरेचा ज्याचा त्याला दिला आणि आत गेली. दाजींनी बोर्डवरची किल्ली काढून खिशात घातली.

गाडी टोईंगच्या ट्रकवरून मुंबईला गेली. दोन दिवसांनी दाजी मलाही बरोबर घेऊन गेले. इंग्रजीत कुणी काही बोललं तर सोबत माझ्यासारखा प्राध्यापक असावा, असा हेतू. तिथे टाय लावलेला एक तरुण भेटला. तो मराठीतच बोलला.

"सर, गाडी कुठं ठेवता?"

"गॅरेजात. बंदिस्त गॅरेज आहे."

"तिथं धान्य वगैरे असतं का?"

मी म्हणालो, "असतं. बाजरी."

"उंदराने वायर कुरतडली आहे, सर. इंजिनाच्या खाली बाजरीचे दाणे पण सापडले. वायर बदलली, गाडी एकदम ओके."

दाजींनी खाकरून विचारलं, "आणि ते साधं पेट्रोल?"

"साधं चालतं, सर. जोर जरा कमी पडतो, बाकी इंजिन आपलं आपण सांभाळून घेतं. शहरात तर कळणारही नाही."

परत येताना कसारा घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलो तेव्हा दाजी म्हणाले, "पण होऊ शकलं असतं ना?"

घरी आल्या आल्या मी ताईला, आईला आणि ओट्यावर बसलेल्या द्राक्षवाल्या मित्राला, सगळ्यांसमोर, उंदराची हकीकत सांगितली. बाजरीसकट. मला वाटलं होतं, सत्य कळलं की प्रकरण मिटतं. पुस्तकं वाचून माणसाच्या असल्या समजुती होतात. मित्र म्हणाले, "असं का!" आणि विषय पावसाकडे नेला. ताईने विचारलं, "अहो, मग किल्ली?"

"या वेळी उंदीर निघाला," दाजी म्हणाले. "पुढच्या वेळचं बघू."

किल्ली परत बोर्डवर आली नाही. कुणी भांडलं नाही. दाजी वाईट बोलले नाहीत, उलट सौम्यपणे म्हणाले, "रिक्षाने जा की, काय कमी आहे आपल्याला?" गंगापूर रोडहून कॅम्पापर्यंत रोज रिक्षा कोण करतं? ती बसने जाऊ लागली. दोन बस बदलायच्या, शाळेत उशीर, मुख्याध्यापिकेचं बोलणं. वर्ष संपताना तिने शाळा सोडली. कारण विचारलं तर सांगे, "गुडघे दुखतात." पोती मात्र गॅरेजात होती तिथेच राहिली. उंदरासाठी पिंजरा आणला, त्यात दर आठवड्याला ताजं खोबरं लावलं जाई.

मित्रांच्या बैठकीत किस्सा चालूच राहिला आणि त्यात उंदीर कधीच आला नाही. जर्मन गाडी बायकोने साधं पेट्रोल पाजून बंद पाडली, ही गोष्ट सांगायला बरी होती. जर्मन गाडी बाजरीच्या उंदराने बंद पाडली, ही नव्हती.

पुढे अंबडला मंदी आली. मोठ्या कंपन्यांचं काम कमी झालं, तीनपैकी एक शेड भाड्याने गेली. त्या दिवसांत एकदा मी दाजींबरोबर पंपावर होतो. ते उतरले नाहीत. काच चार बोटं खाली केली आणि हळूच म्हणाले, "साधं." पोरगा म्हणाला, "शेठ, झिरो बघा." त्यांनी वाकून झिरो बघितला. गाडी पूर्वीसारखीच चालली.

शेवटी गाडी विकायला काढली. स्थानिक पेपरात छोटी जाहिरात दिली. तिचा मजकूर दाजींनी मला वाचून दाखवला होता: जर्मन टर्बो, काळा रंग, कायम प्रीमियम पेट्रोल, लेडीज वापर.

"लेडीज वापर?" मी विचारलं.

"तसं लिहिलं की गाडी जपून वापरली असं वाटतं गिऱ्हाइकाला. सगळेच लिहितात."

गिऱ्हाईक निफाडकडचं आलं. चाळिशीचा, मोकळा माणूस, बरोबर मेव्हणा. त्याने टायरला लाथ मारली, बॉनेट उघडून बंद केलं आणि ताईला बाहेर बोलवायला सांगितलं.

"ताई, गाडी तुमीच चालवायच्या ना?"

ताईने दाजींकडे बघितलं. दाजी म्हणाले, "हो, हीच. मला कुठं वेळ असतो?"

"मग तुमीच सांगा. पेट्रोल कोणतं लागतं हिला?"

"मी साधं टाकलं होतं," ताई म्हणाली. "त्र्यंबकच्या रस्त्याला. लय भारी पळाली."

घरात आम्ही असं बोलत नाही. ती त्याच्या भाषेत बोलली.

"बरं झालं बोलल्या," तो म्हणाला. "मी तर गॅसचं किटच बसवणार हे." व्यवहार तिथेच ठरला. निघताना तो म्हणाला, "ताई, एवढी गेटाबाहेर काढून द्या. ही पोती, हे गेट, मला नाय जमायचं. तुमच्या हातातली हे."

दाजींनी खिशातून किल्ली काढली. काढावीच लागली. ताई बसली, सीट पुढे ओढली. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दाजी हसले नाहीत, हसण्याची सोय नव्हती. दुसऱ्यांदा तिने ती पोत्यांना न घासता मागे घेतली, गेटमधून वळवून रस्त्याच्या कडेला सरळ लावली आणि किल्ली निफाडवाल्याच्या हातात दिली.

"वा," तो म्हणाला, "हात बसलेला हे ताईंचा."

तिच्या लायसन्सची मुदत आदल्या वर्षीच संपली होती.