गळ्याचं माप

गौराक्का गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने केला, तेव्हा मी ओपीडीत होतो. सकाळी शिलाई मशीनवर बसल्या होत्या, छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. याला आता दीड महिना झाला.

राजारामपुरीत त्यांच्या शिलाईच्या दुकानावरच्या खोलीत मी भाड्याने राहायचो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सर्जरी शिकत होतो आणि गळ्याला गाठ असलेल्या रुग्णांची नोंद ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं. बहुतेक बायकाच, डोंगराकडच्या गावांतून आलेल्या. गाव, वय, गाठ केवढी, मऊ की टणक, हे लिहून व्हायचं. अडायचं ते एका प्रश्नापाशी: किती दिवसांपासून? बाई नवऱ्याकडे बघायची. नवरा म्हणायचा, "हाय की लई दिस." मी 'जुनी' असं लिहून मोकळा व्हायचो.

यातल्या काहीजणी गौराक्कांकडे बंद गळ्याचे ब्लाउज शिवायला टाकायच्या... गाठ झाकावी म्हणून. अक्का मूळच्या सीमाभागातल्या. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी रांगडी मराठी. कुणाच्या गळ्याकडे त्या टक लावून बघायच्या नाहीत. टेप फिरवायच्या, वहीत आकडा लिहायच्या, बस्स.

एका दसऱ्याच्या सुमाराला त्या हौसाबाई नावाच्या गिऱ्हाइकाला घेऊन थेट ओपीडीत आल्या. या बाईंना मीच आठवड्यापूर्वी तपासून, गोळ्या देऊन परत पाठवलं होतं. अक्कांनी मापाची वही माझ्यापुढे ठेवली.

"ही गाठ जुनी न्हाय, डॉक्टर. चैत्रात गळा तेरा इंच हुता, आता पंधरा भरतोय. परत हात लावून बघा की."

मला राग आला. मागे रांग होती, सिस्टर ऐकत होत्या. म्हटलं, "अक्का, हे शिवणकाम नाही."

"म्हणूनच तुमच्याकडं आणलंय," त्या म्हणाल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

मी पुन्हा हात लावला. डाव्या बाजूला गाठ दगडासारखी लागली. पहिल्या वेळी ती तशी नव्हती, की मी नीट पाहिलंच नव्हतं... आजही सांगता येत नाही. सुईच्या तपासणीत कॅन्सर निघाला. आमच्या सरांनी ऑपरेशन केलं. हौसाबाईंचा आवाज कायमचा घोगरा झाला, पण बाई वाचल्या.

मी अक्कांची माफी मागायला दुकानात गेलो. मशीन न थांबवता त्या म्हणाल्या, "चुकलं ते चुकलं. फुडच्या बाईला नीट इचारा."

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी भेटायला गेलो, तर हौसाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. अक्कांच्या मुलीचा हात हातात धरून होत्या.

परवा ओपीडीत एक बाई आल्या. गळ्याला गाठ. नवरा सांगायला लागला, त्याला थांबवून मी बाईंनाच विचारलं, "गळ्यातली ठुशी कधीपासून आवळायला लागली?"

त्यांनी गळ्याला हात लावून पाहिला. मग म्हणाल्या, "थोरलीच्या लगनात चांगली बसत हुती. तिच्या पोराच्या बारशाला बसंना झाली."