मांगं ये गो!

वैशाखरे गावच्या काशिनाथची जीप माझ्या गॅरेजात उघडी पडली होती आणि मला देवीच्या तसबिरीकडे बघवत नव्हतं. मुरबाडला गॅरेज काढल्यापासून गावदेवीला उदबत्ती लावल्याशिवाय मी पान्याला हात घातलेला नाही. त्या सकाळी लावली नाही. कोणत्या तोंडाने लावणार होतो?

आदल्या दिवशी इंजिनाचं हेड बसवताना काशिनाथ सारखी घाई करत होता. मी वैतागलो आणि शेवटच्या बोल्टला जोर मोजणारा मापाचा पाना न घेता साध्या पान्याला पाइप अडकवून जोर दिला. बोल्ट एकदम सैल फिरला. बाहेर काढला, तर ब्लॉकमधले आटे भुगा होऊन त्याच्यासोबत आले. "काय झालं, दादा?" त्याने विचारलं. मी मान वर न करता म्हणालो, "घाटात गाडी तापवलीस, आटे गेले." त्याने ते लगेच मानलं, तेच मला जास्त लागलं.

त्या सकाळी तो नारळ घेऊन आला. माझ्याच देवीपुढे हात जोडून म्हणाला, "आय, माजी चूक झाली. घर ह्या जीपवर चालतं, एक डाव सांभाळ." मग माझ्याकडे वळून हसला. "तुमी पन सांगा की तिला. तुमची रोजची वळख हाय."

मी कामाला लागलो. अशा वेळी भोक थोडं मोठं करतात, टॅप नावाचं कडक पोलादी हत्यार फिरवून नवे आटे कापतात आणि त्यात तारेची स्प्रिंग बसवतात. मग जुना बोल्ट पुन्हा धरतो. टॅप जरा पुढे नेला की मागे घ्यायचा, म्हणजे आतला कीस तुटतो. हे मला झोपेतही जमेल. पण टॅप आत तुटला, तर त्या कडक लोखंडावर ड्रिलही चालत नाही. ब्लॉक भंगारात आणि काशिनाथ घरी. हे सगळं ठाऊक असूनही मी टॅप नुसता पुढेच रेटत होतो. त्याने पुन्हा एकदा देवीची माफी मागण्याआधी मला ते काम संपवायचं होतं.

टॅप जड झाला. मी दोन्ही हातांनी जोर लावणार, इतक्यात बाहेर रस्त्यावर एक बाई जिवाच्या आकांताने ओरडली, "मांगं ये गो! मांगं ये! मरायचं हाय काय?"

तिची शेळी एसटीच्या आडवी गेली होती, एवढंच. पण माझे हात जागच्या जागी थांबले. टॅप मागे फिरवून बघितला. हलेना. आणखी एक जोर, आणि तो तुटलाच असता. अजूनही तुटू शकत होता. मी मनात म्हणालो, आई, तुटायचा तर तुटू दे, पण आता मला लपवायचं नाही.

"काशिनाथ, तुझी काही चूक नाही. आटे मी घालवले. पाइप लावून आवळलं."

"देवीम्होरं मला नाक घासाय लावलंत, दादा." मग टॉर्च उचलून त्याने भोकावर धरली. "आदी हा काढा. मंग बोलतो तुमाला."

मी टॅपवर थोडं रॉकेल सोडलं आणि केसभर पुढे, केसभर मागे असं करत राहिलो. करकर झाली. मग तो सुटला. काशिनाथने टॉर्च खाली ठेवली.

संध्याकाळी मापाच्या पान्याने बोल्ट आवळला आणि तो धरला. जीप सुरू झाली, कुठे थेंबही गळला नाही. काशिनाथ मात्र मला जे बोलायचं ते पोटभर बोलला आणि मी खाली मान घालून ऐकलं. आता काम घेऊन येतो तेव्हा स्टूल ओढून समोरच बसतो. "आवळा, मी बघतो," म्हणतो. ते मला प्रसादासारखं वाटतं.

ती बाई कोणती, कुठल्या पाड्यावरची, मी बाहेर जाईपर्यंत दिसेनाशी झाली होती. ती शेळीलाच हाक मारत होती, हे मला माहीत आहे. तिच्या तोंडून देवीच बोलली, असा वाद मी कुणाशी घालत नाही. मी आईकडे अडकलेला टॅप सोडव म्हणून मागणार होतो. तिने आधी माझी जीभ सोडवली.