सत्तावीस टक्क्यांवरचं स्थलांतर

स्वातंत्र्य ही माणसाची सर्वांत मोलाची ठेव आहे. ती कोणी आणून हातात देत नाही, रोज जागं राहून राखावी लागते. माझं स्वातंत्र्य मी गेली काही वर्षं आमच्या घरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, उजव्या कोपऱ्यात, 'नंतर' असं लिहिलेल्या एका छोट्या बटणावर राखून ठेवलं होतं.

कॉम्प्युटर सुरू केला की कोपऱ्यातून एक चौकट वर यायची. नवीन अपडेट तयार आहे, आत्ता करायचं की नंतर? मी 'नंतर' दाबायचो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा यायची. मी पुन्हा 'नंतर'!

"अहो, एकदा करून टाका ना," सुनंदा म्हणायची. "बिचारं किती दिवस विचारतंय."

"बिचारं? अगं, ते विचारत नाही, हुकूम सोडतंय. फक्त गोड आवाजात."

मी महाडच्या एका शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं. वरून आलेल्या सुधारणा म्हणजे काय असतं हे मला कोणी सांगायला नको. प्रत्येक सुधारणेनंतर काम होतं तेवढंच राहायचं आणि रकाने तेवढे वाढायचे. त्यामुळे सुधारणा म्हटलं की मी आधी दार लावून घेतो.

आता त्या दिवसाकडे वळतो.

आमची प्रज्ञा भूगोलात एम.ए. झालेली. बरीच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवून झाल्यावर तिला ठाण्याकडच्या एका कॉलेजातून कायमच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत ऑनलाइन होती आणि तिच्यातच एक नमुना पाठ घ्यायचा होता. विषय होता, 'पूरमैदान'. (महाडच्या मुलीला हा विषय देणं म्हणजे माशाला पोहण्यावर चार शब्द बोलायला सांगण्यासारखं होतं, पण समितीला ते माहीत नव्हतं.) पाठाची चित्रं, नकाशे, सगळं तिने आमच्या कॉम्प्युटरवर तयार केलं होतं. ही जागा गेली असती तर पुढची जाहिरात कधी निघणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्या सकाळी पाऊस आदल्या दिवसापासून धरलेला होता. माझा चुलतभाऊ बबन आमच्या मूळ गावाहून, कापड्याहून, कोर्टाच्या तारखेला आला होता, तो एसटी बंद झाल्यामुळे आमच्याकडेच अडकला होता. मुलाखतीला अजून भरपूर वेळ होता. मशीन जरा तरतरीत असावं म्हणून मी ते एकदा बंद करून चालू करायचं ठरवलं. हा माझा स्वतःचा सिद्धान्त आहे, आणि तो पंख्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना लागू पडतो.

'बंद करा' असं मला जे वाटलं, त्यावर मी दाबलं. तिथे 'अपडेट करून बंद करा' असं लिहिलेलं होतं. 'प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' असं मी हजारो मुलांना ओरडून सांगितलं आहे. चष्मा कपाळावर होता.

पडदा निळा झाला. मधोमध एक गोल फिरायला लागलं आणि खाली अक्षरं आली: 'आम्ही तुमच्यासाठी नवीन गोष्टी तयार करत आहोत. कृपया संगणक बंद करू नका.'

"बाबा!" प्रज्ञा किंचाळली. "काय केलंत?"

"काही नाही. होईल पाच मिनिटांत."

सुरुवातीला खालचे टक्के झपाझप वाढत गेले. मग मशीन सत्तावीस टक्क्यांवर येऊन बसलं. बसलं म्हणजे बसलंच! आमच्याकडच्या सत्कार समारंभांना प्रमुख पाहुणे असेच येतात. 'पाहुणे कशेडी घाट उतरले आहेत' असं माइकवरून जाहीर होतं, टाळ्या पडतात, आणि मग पाहुणे तासभर घाट उतरतच राहतात. (आता तिथे बोगदा झाला आहे. पाहुणे तरीही घाटातच असतात.)

बबन माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसला. "दादा, ह्या फिरतंय तर हाय. मंग अडलंय कुठं?"

"अडलं नाही. काम चालू आहे."

"नाय रे, आमच्या तलाठ्याच्या हापिसात पण पंखा फिरतोच की!"

"बाबा," प्रज्ञा म्हणाली, "राहू दे. मी मोबाईलवरून..."

"मोबाईलवरून कोणी प्राध्यापक होत नसतं!" मी म्हणालो. हे वाक्य मी अशा आवाजात म्हणालो, की तिने पुढचं वाक्य गिळलं आणि आईकडे बघितलं. आईने छताकडे बघितलं.

मुलाखतीची वेळ जवळ येत चालली होती, तेवढ्यात नगरपालिकेची गाडी भोंग्यावरून सांगत गेली, सावित्रीचं पाणी वाढतंय, सखल भागातल्या नागरिकांनी सामान वर हलवावं.

महाडात घर लावताना लोक दिशा बघत नाहीत, पाणी बघतात. आमच्या भिंतीवर मागच्या पुराची रेघ आहे. फ्रिज तिच्या वर ओट्यावर, टीव्ही तिच्या वर, बुद्धाची मूर्ती तिच्या वर, लाइटची बटणं तर इतकी वर की पाहुण्यांना वाटतं आमच्या घरात उंटावर बसून फिरतात. रेघेच्या खाली घरात एकच किमती वस्तू होती, ती म्हणजे कॉम्प्युटर. कारण मान वर करून वाचायला मला जमत नाही.

आणि कोणाचं सामान कोणाच्या वरच्या मजल्यावर जाणार, हेही आमच्या गल्लीत ठरलेलं असतं. आमची जागा शेजारच्या हमीदभाईंच्या वरच्या खोलीत, खिडकीजवळची भिंत. आमच्या आधी या घरात जे राहायचे त्यांचीही तीच होती.

हमीदभाई जिन्यावरूनच ओरडले, "सर, चला! जागा खाली करून ठेवलीय. वर इन्वर्टरपण हाय!" हमीदभाई बरीच वर्षं कुवेतला होते. वाळवंटात राहून आलेला माणूस पुराच्या वेळी विलक्षण खुशीत असतो.

"मी वर जाऊन नेटवर्क बघते," प्रज्ञा म्हणाली आणि साडी सावरत निघून गेली. मला ते पटलं. ती जागा बघेल, आम्ही मशीन आणू. उत्तम नियोजन!

"बंद कर आणि उचल," सुनंदा म्हणाली.

"बंद? वाच काय लिहिलंय! बंद करू नका!"

"इतकी वर्षं त्याचं एक ऐकलं नाहीत, आणि आजच कसं ऐकायला लागलात?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण त्याच क्षणी लाइट गेली. पूर येणार म्हटलं की खबरदारी म्हणून लाइट बंद करतात. टेबलाखालचा यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर थोडा वेळ कॉम्प्युटर जगवणारी ती जड पेटी, केकाटायला लागला. टीं! टीं! टीं! म्हणजे आता काही मिनिटं हातात. तेवढ्यात हमीदभाईंच्या इन्वर्टरपर्यंत पोचलो तर वाचलो. नाहीतर मशीन मध्येच मरणार, आणि त्याच्याबरोबर पोरीचा पाठ!

त्या क्षणी माझ्यातला स्वाभिमान जागा झाला. हे यंत्र मला हरवणार? सत्तावीस टक्क्यांवर? शक्यच नाही!

"चालूच उचलायचं!" मी गर्जना केली.

मांडणी अशी होती. यूपीएस बबनच्या छातीशी. कॉम्प्युटरचा मोठा डबा हमीदभाईंच्या खांद्यावर. पडदा माझ्या हातात. तिघेही वायरींनी एकमेकांना बांधलेले, आणि वायरी एवढ्या तोकड्या की तिघांनी एका तालात पाऊल टाकायला हवं. सुनंदा छत्री घेऊन मागे. छत्री डब्यावर धरलेली होती. माझ्यावर नाही, हे मी नमूद करून ठेवतो.

"दादा," बबन उंबऱ्यात थांबला, "पेटी नेतोय ते समाजलं. पण ह्यो टीव्ही कशाला न्यायचा?"

"टक्के दिसायला नकोत का!"

"बगून काय करणार हाय तू?"

"चल म्हणतोय ना!"

गल्लीत घोट्याएवढं पाणी आलं होतं. जिना बाहेरून होता, उघडा. समोरच्या दुकानातली माणसं गोणी वर चढवत होती, ती गोणीसकट थांबली आणि बघत राहिली. टीं! टीं! टीं! आमची मिरवणूक जिना चढायला लागली.

"डावा पाय!" मी.

"कुनाचा?" बबन.

"सगळ्यांचा!"

"सर, हळू! वायर तानली जातेय!"

"अहो, पडदा तिरका धरलाय, पाणी जाईल आत!"

"मग छत्री इकडे आण!"

"दोनांवर एक छत्री कशी आणू?"

"दादा, आता किती झालं?"

मी पडदा फिरवून बघितला. "सत्तावीस!"

"मंगाशी पण सत्तावीसच हुतं!"

"अरे, स्थिर आहे! स्थिर असणं ही चांगली गोष्ट आहे!"

अर्ध्या जिन्यावर यूपीएसचा आवाज बदलला. टीं-टीं-टीं चं एकच लांब टींऽऽऽ झालं. याचा अर्थ आम्हा सगळ्यांना न सांगता कळला. हमीदभाई "या अल्ला!" म्हणत दोन-दोन पायऱ्या चढायला लागले, वायर ताणली जाऊ नये म्हणून मी त्यांच्यामागे, माझ्या मागे बबन, आणि त्याच्यामागे "धावू नका, धावू नका" म्हणत धावणारी सुनंदा. चपला केव्हाच वाहून गेल्या होत्या. वरच्या गॅलरीत शिरलो, हमीदभाईंनी बबनच्या हातातला प्लग हिसकून इन्वर्टरच्या सॉकेटमध्ये खुपसला, आणि टींऽऽऽ थांबलं.

पडदा जिवंत होता. निळा होता. सत्तावीस!

"जिंकलो!" मी ओरडलो. बबननेही हात वर केले. हमीदभाईंनी टाळी वाजवली.

आणि मग मला जाणवलं, की गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला प्रज्ञा उभी आहे. समोर स्टुलावर पाण्याचा हंडा, हंड्याला टेकवलेला मोबाईल, आणि मोबाईलचं तोंड गल्लीकडे, जिन्याकडे, म्हणजे आमच्याकडे. ती शांतपणे, वर्गात बोलावं तशी बोलत होती.

"...तर नदीने पूरमैदानावर पसरणं हा तिचा स्वभाव आहे. प्रश्न माणसाच्या प्रतिसादाचा आहे. तो प्रतिसाद आपण आत्ता प्रत्यक्ष पाहिलात."

मोबाईलमधून एका बाईंचा आवाज आला. "प्रज्ञा मॅडम, एक विचारू? ती माणसं काय नेत होती?"

"संगणक, मॅडम."

"त्याचा पडदा चालू होता का?"

"हो, मॅडम."

"पण बंद करून का नाही नेला?"

प्रज्ञाने क्षणभर माझ्याकडे बघितलं. मी पडदा छातीशी धरून उभा होतो, कपाळावरून पाणी ओघळत होतं, चष्मा पुन्हा कपाळावर गेला होता.

"स्थानिक श्रद्धा आहे, मॅडम," ती म्हणाली.

"अच्छा! आणि ते पडदा धरलेले गृहस्थ कोण?"

"स्थानिक रहिवासी."

बापाला असं चारचौघांत परकं केल्याचं दुःख व्हायला हवं होतं. पण समितीतले कोणीतरी "फारच जिवंत उदाहरण" असं म्हणाले, आणि खरं सांगतो, मला थोडा अभिमानच वाटला. मोबाईल बंद झाल्यावर मी तिला एवढंच विचारलं, "आणि तुझी चित्रं? नकाशे?"

"ती मोबाईलवरपण होती, बाबा. तेच सकाळी सांगत होते."

"मग मला अडवलं का नाहीस?"

"मी आईकडे बघितलं होतं."

मी आईकडे बघितलं. आई छत्री मिटत होती. "तुम्हाला अडवायचं म्हणजे," ती म्हणाली, "आधी पाच मिनिटं 'नंतर' ऐकावं लागतं."

पाणी आमच्या उंबऱ्याला आलंच नाही. पायरीखाली थांबलं, थोडा विचार केला आणि परत गेलं. गल्लीत त्या दिवशी भिजलेली एकमेव घरगुती वस्तू मी होतो. बबन दुसऱ्या दिवशी कापड्याला गेला आणि वाडीत जाऊन त्याने काय सांगितलं ते मला फोनवर कळलं: दादाच्या घरात एक पेटी हाय, ती बंद पडली तर पोरीची नोकरी जाते.

नोकरी लागली. प्रज्ञा ठाण्याला रुजू झाली. तिथे ती पूरमैदान शिकवते आणि म्हणे दरवर्षी 'स्थानिक श्रद्धा' या मुद्द्यावर वर्गाला फार हसू येतं.

कॉम्प्युटर हमीदभाईंच्या खिडकीजवळच्या भिंतीशी पुरता सुकेपर्यंत राहिला. त्यांच्या बायकोने त्याच्या उबेवर काड्यापेट्या कोरड्या करून घेतल्या. त्याच संध्याकाळी केव्हातरी, कोणी बघत नसताना, त्याने सत्तावीस सोडलं आणि एकदम शंभर गाठलं.

खाली आणून मी तो सुरू केला. सगळं पूर्वीसारखंच होतं, तीच अक्षरं, तेच रंग, तोच मंदपणा. मी विजयी मुद्रेने सुनंदाकडे बघितलं. तेवढ्यात उजव्या कोपऱ्यातून चौकट वर आली. पुढचं अपडेट तयार होतं.

मी बोट उचललं. नव्या सुधारणेत एकच बदल झाला होता. 'नंतर' हे बटण काढून टाकलं होतं.