सव्वा एकचं रक्त

"हनुवटी वर कर," मॅडम म्हणाल्या.

मी केली. तेवढी त्यांना पुरली नाही. त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, टोपणाचं टोक माझ्या हनुवटीखाली लावलं आणि डोकं मागे ढकललं. हाताने नाही. पेनाने.

शेजारी दोन शिकाऊ मुली उभ्या होत्या, नर्सिंगच्या. मॅडम त्यांना शिकवत होत्या.

"बघा. दिसतात ना केस? हे पीसीओएसचं. आता मान बघा." पेन मानेवर आलं. "हा काळा पट्टा. मळ नाही बरं का हा. घासून जात नाही."

मुली हसल्या. एकीने तोंडावर हात धरला, दुसरीने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. मग मॅडमनी स्पिरिटचा बोळा घेतला आणि पेन पुसलं. टोपणापासून खालपर्यंत, सावकाश. माझ्या आधी आत गेलेल्या बाईच्या गालावर याच मॅडमनी लाडाने चापटी मारली होती, पडदा अर्धा उघडा होता म्हणून मला दिसलं होतं. तो गाल हाताला चालला होता.

त्यांच्यापुढे माझा फॉर्म होता. त्यावर माझं आडनाव होतं, देवपुरातला आमच्या वस्तीचा पत्ता होता, आणि व्यवसायाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, शिक्षिका.

"अच्छा. कोट्यातली नोकरी. मग काय, खुर्चीत बसून अंग सुटणारच."

आठवीच्या वर्गाला विज्ञान शिकवणारी, साठ पोरांना नुसत्या नजरेने गप्प करणारी मी. तिथं गप्प बसले. बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाले, "डॉक्टर हुशार आहेत." हे वाक्य आठवलं की आजही स्वतःची शरम वाटते.

दुखणं जुनं होतं. सोळाव्या वर्षापासून पाळी तीन-तीन महिने बेपत्ता. हनुवटीवर केस. शाळेत पोरं मला 'भाऊ' म्हणायची. जळगावला बीएस्सीला असताना होस्टेलजवळच्या दवाखान्यात एका साध्या डॉक्टरबाईने मला समोर बसवून नीट सांगितलं होतं. बीजकोशात बीज धड पिकत नाही. अंगातलं इन्सुलिन नीट काम करत नाही. पुढे दिवस राहिले की साखरेवर डोळा ठेव, अशा बायकांना पोटुशी असताना शुगर होण्याचा धोका जास्त असतो. आईलाही शुगर आहे म्हणतेस, मग तुला तर जास्तच. तिने हे एका कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद मी लग्नाच्या पेटीत ठेवला. लोक पेटीत शालू ठेवतात.

लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. मग धुळ्यातल्या या मोठ्या मॅडम. गोळ्या त्यांनी दिल्या, हे खरं. पण रोज पहाटे पांझरेच्या काठाने चालले ती मी. भाकरी मोजून खाल्ली ती मी. आठ किलो कमी केले ते मी. दिवस राहिले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "माझ्या हाताला यशच आहे." ज्या हाताने मला कधी शिवलं नाही, तो हात.

सहाव्या महिन्यात मी विचारलं, "मॅडम, शुगरची तपासणी करायची ना?"

"तुला कशाला?"

"मला पीसीओएस आहे. आणि आईला शुगर आहे."

"आई काय करते?"

"मजुरी. कपाशी वेचायची."

त्या हसल्या. "उन्हात राबणाऱ्या बाईला शुगर? ही आमच्याकडची दुखणी गं. तुमची अंगं कष्टाची."

म्हणजे आधी मी बसून खाणारी होते. आता एकदम कष्टाची झाले. बाईला जेव्हा जे सोयीचं तेव्हा ते.

"आईच्या पायाचं बोट काढलंय मॅडम. शुगरमुळे."

"काटाबिटा लागला असेल. स्वच्छता नसते ना." मग चिठ्ठीवर खरडलं. "कर जा. हौस भागव."

ही तपासणी अगदी सोपी आहे. ग्लुकोज पाण्यात कालवून प्यायचं. बरोबर दोन तासांनी रक्त द्यायचं. त्या दोन तासांत दुसरं काही खायचं नाही, स्वस्थ बसायचं. अंगाला साखर आवरते की नाही, ते त्या दोन तासांनी कळतं. उशीर झाला की साखर आपोआप खाली येते आणि आकडा खोटा बोलतो. शहाणपणाचा सगळा भाग घड्याळात आहे.

त्या दवाखान्यात पेशंट दोन जातीचे. एक 'घरचे'. हा त्यांचाच शब्द. घरचे म्हणजे ओळखीचे, आडनावाचे. ते आत, कूलरपुढच्या सोफ्यावर. त्यांच्या ग्लुकोजमध्ये लिंबू पिळत, मळमळू नये म्हणून. बाकीच्या आम्ही बाहेर बोळात, वाळत घातलेल्या चादरींखालच्या बाकावर. आमच्यासाठी कागदी कप, आणि लिंबू नाही. आमच्या पोटाला मळमळ होत नसावी.

नऊ चाळीसला मी ते पाणी प्यायले. अकरा चाळीसला उठून खिडकीशी गेले. रक्त काढणारा मुलगा आत नव्हता. रावेरकडच्या केळीवाल्या घरातली सून आली होती, एका मोठ्या संस्थेच्या चेअरमनची. तिचं रक्त घ्यायला तो वरच्या स्पेशल खोलीत गेला होता. मग तिच्या सासूचं. मग तिच्या जावेचं, आल्यासरशी. मग त्यांचा चहा आला आणि त्याचाही. मधे कंपाउंडर भाऊंनी मला दोनदा खाली मेडिकलवर पाठवलं, "ताई, बसेलच शेतस ना तुम्ही, जरा एवढं लई या." मी जिने उतरले आणि चढले. सहावा महिना.

माझं रक्त घेतलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता.

संध्याकाळी रिपोर्ट आला. 'ग्लुकोजनंतर दोन तास : १२८. नॉर्मल.'

आता खरं सांगते. मला माहीत होतं. प्रयोगात वेळ चुकली की प्रयोग चुकला, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. तरी मी गप्प बसले. कारण कागदावर चांगलं लिहिलं होतं. मॅडमनी अपमान केला तो वेगळा, पण ही लाचारी माझी होती. गुलामाला नॉर्मल म्हटलं की तो खूश होतो. मी खूश झाले.

पंधरा दिवसांनी आखाजी आली, आमच्याकडची अक्षय्य तृतीया. आम्ही बौद्ध, सण मानणं आमच्या घरात केव्हाच सुटलं. पण आखाजीला लेकीने माहेरी यायचं, हे काही सुटलेलं नाही. मी सोनगीरजवळच्या आमच्या गावी गेले. आईने खापरावरची पुरणपोळी केली होती, हातावर फिरवत फिरवत परातीएवढी केलेली. आमरसाची वाटी नव्हती, तांब्या होता. तिला स्वतःला त्यातलं काही चालत नाही. ती मला वाढून समोर बसली, एक पाय लांब करून. त्या पायाला अंगठ्याशेजारचं बोट नाही.

"खाय वं माय. दोन जीवनी शे तू."

मी पोळी मोडली. मग तिने माझ्या रक्ताच्या वेळेचं सहज विचारलं, जसं कुणी बस किती वाजता लागली विचारतं तसं.

"मन्हं रक्त लिधं तवय सिस्टर घड्यायकडे दखत बठेल व्हती. तुन्हं कितला वाजता लिधं?"

"सव्वा एक."

"आन् ते पानी कवय पिनी व्हतीस?"

"नऊ चाळीसला."

आईला आकडे लिहिता येत नाहीत. तिने बोटांची पेरं मोजली. एकदा. परत एकदा.

"मंग ते दोन तास कसा व्हयनात? मी अडानी शे, पन माले बी दोन तास समजतस."

मी ताट सरकवलं. आईने पुढे आग्रह केला नाही. तिने पाय जवळ घेतला आणि लुगड्याखाली झाकला. "मन्हं बोट गयं ते गयं," एवढंच म्हणाली. मला रडू आलं नाही. चीड आली, आणि पहिली चीड स्वतःची आली. बीएस्सी, बीएड. आणि घड्याळ मला माझ्या निरक्षर आईने दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमपुढे उभी राहिले. रिपोर्ट टेबलावर ठेवला.

"हे रक्त दोन तासांनी घेतलेलं नाही. साडेतीन तासांनी घेतलंय. तपासणी परत करा."

"कोण म्हणतं?"

"तुमचं घड्याळ."

त्यांनी चष्मा काढला. त्या दिवशीही तिथं दोन शिकाऊ मुली होत्या. "बघा," मॅडम त्यांना म्हणाल्या, "आता मास्तरीण मला मेडिसिन शिकवणार. अगं, थोडं इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं? तुमच्या बायका शेतात बाळंत होतात."

"मग खरी वेळ लिहून द्या रिपोर्टवर."

"जा बाई, माझा वेळ घालवू नकोस."

त्यांच्या बोटांत पेन होतं. तेच, चंदेरी टोपणाचं. मी हात पुढे केला आणि ते घेतलं. त्यांना इतकं अनपेक्षित होतं की त्यांनी सोडून दिलं. रिपोर्टवर, 'दोन तास' या शब्दांवर मी रेघ मारली आणि खाली लिहिलं. ग्लुकोज ९.४०. रक्त १.१५. तारीख. खाली माझी सही, पूर्ण आडनावासकट. मग कागद पिशवीत टाकला आणि पेन टेबलावर ठेवलं.

"पुसून घ्या," मी म्हणाले. "मी शिवलंय."

मुली या वेळी हसल्या नाहीत.

तिथून मी थेट सरकारी दवाखान्यात गेले. तिथं एकच बाक होता आणि सगळ्या त्यावर. शिंदखेड्याची एक मुसलमान बाई, डोंगराकडची एक भिल्लीण, एक बुरख्यातली पोर, एक पाटलीण, मी. लिंबू कुणालाच नाही. सिस्टरने माझा हात धरला. हातानेच धरला. मनगटावर बॉलपेनने वेळ लिहिली, आणि सगळ्यांच्याच लिहिली. बरोबर दोन तासांनी तिने ओरडून हाक मारली.

एकशे शहाऐंशी.

"एकशे चाळीसच्या आत पाहिजे होतं अक्का," सिस्टर म्हणाली. "पंधरा-वीस दिवस वाया गेले. आता घालवू नका."

म्हणजे पंधरा-वीस दिवस माझ्या पोटातलं लेकरू साखरेच्या पाण्यात पोहत होतं, आणि माझ्या कपाटात नॉर्मलचा कागद होता. हे कुणी केलं? आजाराने नाही. आजाराला आडनाव वाचता येत नाही.

आधी पथ्य झालं. पथ्याने भागलं नाही, मग इन्सुलिन. आता रोज पोटावर सुई टोचते. टोचताना लेकरू आतून हलतं. मूल अंगाने फार मोठं होऊ शकतं, बाळंतपण अवघड जाऊ शकतं, जन्मल्यावर त्याची साखर एकदम खाली येऊ शकते. डॉक्टरांनी हे सगळं सांगितलंय, न हसता. मला भीती वाटते. वाटते ते लपवत नाही.

मागच्या आठवड्यात कंपाउंडर भाऊ देवपुरात घरी आले. चपला बाहेर काढून दारातच उभे राहिले. हातात मिठाईचा डबा.

"मॅडमनी तो कागद मागेल शे," ते म्हणाले. "नवा करी देतस म्हने. आन् हाई तुमनासाठे धाडेल शे."

मी डबा उघडला. पेढे. एक किलो.

सरकारी दवाखान्यातून मला शुगर निघाल्याचं कानावर गेल्यावर त्या बाईने मला पेढे पाठवले. मी खूप वेळ हसले. भाऊंना वाटलं, मिटलं. मला त्या क्षणी त्या मॅडमचा राग यायचाही थांबला. ज्याच्याबद्दल थोडा तरी आदर असतो त्याचा राग येतो. ही बाई एवढं शिकली आणि तिला अजून समोरच्या बाईचं दुखणंही लक्षात राहत नाही.

"भाऊ, डबा परत न्या," मी म्हणाले. "कागद मिळणार नाही."

"मोठी मानसं शेतस ती, ताई. कशाला वाद?"

"तुम्ही त्या दिवशी मला दोनदा जिना उतरवलात. तेही तक्रारीत लिहिलंय मी."

ते खाली बघत निघून गेले. नवरा म्हणाला, बाळंतपण होऊ दे आधी, मग बघू. मी म्हणाले, तुला बघायचं तेव्हा बघ. त्या कागदाच्या दोन प्रती काढून तक्रारीला जोडल्या, एक सिव्हिल सर्जनकडे आणि एक मेडिकल कौन्सिलकडे. अस्सल कागद पेटीत आहे, जळगावच्या बाईच्या कागदाशेजारी. वस्तीत सध्या तिघी पोटुशा आहेत. शनिवारी विहारात त्यांना बसवून मी घड्याळ समजावलं. पहिल्यांदा रक्त द्यायला जातील तेव्हा मी सोबत जाईन, बाळंतीण असले तरी जाईन, आणि बोळातल्या बाकावर नाही, खिडकीशी उभी राहीन.

तक्रारीच्या चौकशीला मला बोलावतील. टेबलापलीकडे त्याच मॅडमच्या ओळखीची माणसं असतील, हे मला माहीत आहे. लेकरू तोवर पोटात असेल नाहीतर कडेवर असेल. माझ्या हनुवटीवर केस असतील, मानेवर काळा पट्टा असेल. मी काहीही झाकून जाणार नाही. नऊ चाळीस आणि सव्वा एक, हे दोन आकडे त्यांच्यापुढे ठेवीन. आणि हनुवटी माझी मी वर करीन.