बसवत नव्हतं तेव्हाची प्रार्थना

डॉक्टरांनी मला दोन्ही हात समोर पसरायला सांगितले आणि पालथ्या पंज्यांवर केसपेपर ठेवला. कागद फडफडू लागला. पंखा तर बंद होता. मग त्यांनी माझा गळा चाचपला, पाण्याचा घोट गिळायला लावला, डोळे पाहिले. म्हणाले, "थायरॉइडचा आजार वाटतो. रक्त तपासलं की नक्की कळेल."

मी रडू लागले. डॉक्टरांना वाटलं, घाबरले. घाबरले नव्हते. आठ महिने लोक मला या थरथरीची दोनच कारणं सांगत होते. तिसरं काही असू शकतं, हे मला चंद्रपूरच्या त्या खोलीत पहिल्यांदा कळलं.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. सिंदेवाही तालुक्यातल्या आमच्या गावात मी अंगणवाडी चालवत होते. यजमान शामराव भाताच्या संशोधन केंद्रात रोजंदारीवर होते. धाकटी मुलगी झाल्यानंतर मी सिंदेवाहीला एका घरी भरणाऱ्या प्रार्थनेला जाऊ लागले, ख्रिस्तावर विश्वास ठेवला. यजमान सोबत येत नसत, पण अडवतही नसत. अडवलं ते भासऱ्यांनी, म्हणजे त्यांच्या मोठ्या भावाने. गावात त्यांचा शब्द चालतो. मी गावदेवी माताबाईच्या पूजेला गेले नाही, त्या वर्षापासून सासूने बोलणं टाकलं आणि लोकांनी आपली लेकरं माझ्या हातची खिचडी खायला पाठवणं बंद केलं. बावीसची नऊ राहिली.

तेवढं मी सोसत होते. मग अंगातच काहीतरी सुरू झालं.

पौषाच्या थंडीत मला घाम फुटायचा. भूक दुप्पट, पण ब्लाऊज सैल होत चाललेले. छातीत इतकं धडधडायचं की उशीला कान लावला की तेच ऐकू यायचं. झोप उडाली. सगळ्यांत वाईट म्हणजे एका जागी बसवत नव्हतं. पोळ्या लाटता लाटता उठायचे, अंगणात जायचे, कशाला आले ते विसरायचे. मुलींवर विनाकारण ओरडायचे. एकदा अंगणवाडीत खिचडीचं पातेलं हातातून निसटलं. कोणी भाजलं नाही, देवाची कृपा. पण नऊची पाच झाली.

भासरे घरी आले. माझ्याकडे न बघता यजमानांना म्हणाले, "तिच्या नव्या देवानंच तिले पागल केलं. त्याले सोडाव म्हणा, नाई तं अंगणवाडी सोडाव."

यजमान काही बोलले नाहीत. त्यांचं ते गप्प राहणं मला फार लागलं.

मला आधार होता प्रार्थनेचा. पण तिथेही मला बसवेना. डोळे मिटले की छाती धावायची. दहा मिनिटांत मी उठून दारात उभी. प्रार्थना चालवणाऱ्या दीनाबाईंनी एकदा मला बाजूला घेतलं. त्या मनाने वाईट नव्हत्या, माझ्यासाठी उपासही करत. म्हणाल्या, "जिथं विश्वास आहे तिथं शांती असते. तुझ्यात शांती नाही. काहीतरी लपवतेस तू."

एस.टी.त बसून घरी येताना मी माझं सगळं आयुष्य उलटंपालटं करून पाहिलं. काय लपवलं मी? गावासमोर ज्याचं नाव सोडलं नाही, त्यानेच मला सोडलं की काय, हा विचार तेव्हा पहिल्यांदा आला आणि गेला नाही.

शेवटी तालुक्याला अंगणवाडीच्या बैठकीत आमच्या मुख्य सेविकाबाईंनी माझे बाहेर आलेले डोळे पाहिले आणि चंद्रपूरला जायला सांगितलं. यजमान सोबत निघाले.

रक्त नागपूरला गेलं. रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस मी अंगणात फेऱ्या मारून काढले. रिपोर्टवर टी-थ्री, टी-फोर हे आकडे फार वाढलेले होते. डॉक्टरांनी समजावलं. गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते, तिच्या रसावर शरीराचा वेग ठरतो. माझी ग्रंथी जास्त रस सोडत होती. याला हायपरथायरॉइडिझम म्हणतात. "तुमचं शरीर झोपेतसुद्धा धावतं आहे. बसवणार कसं?" ते म्हणाले.

हा रस कमी करणाऱ्या कार्बिमॅझोलच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी एक गोष्ट दोनदा बजावली. घसा दुखून ताप आला तर गोळी बंद करायची आणि त्याच दिवशी यायचं. ज्यांना या गोळ्या सुरू आहेत, त्यांनी हे कृपा करून लक्षात ठेवावं.

पाचव्या आठवड्यात, ऐन भाताच्या रोवणीत, माझा घसा धरला. दुपारपर्यंत थुंकी गिळवेना, अंग तापलं. यजमानांनी मला एस.टी.त घातलं. चंद्रपूरला रक्त पाहून डॉक्टर गंभीर झाले. ऍग्रॅन्युलोसायटोसिस, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तातून जवळजवळ संपलेल्या. या गोळ्यांनी असं क्वचितच होतं, मला झालं. वेगळ्या खोलीत ठेवलं. "पुढचे काही दिवस नाजूक आहेत," एवढंच ते म्हणाले.

यजमानांना सोबत राहता येईना. मुली घरी एकट्या, कामावर खाडे. दुसऱ्या दिवशी दार उघडलं आणि तोंडाला फडकं बांधलेली माझी सासू आत आली. दीड वर्षात जी माझ्याशी बोलली नव्हती, तिने गाठोडं ठेवलं, हात धुतले आणि विचारलं, "पाणी पेलं का?"

भासऱ्यांना विचारून आलीस का, असं मी विचारलं. तिने पेला भरून माझ्या ओठांना लावला.

गोळी बंद, म्हणून ग्रंथी पुन्हा उधळलेली. तापात मी सलाईनसकट उठून बसायचे, पडायचे, पुन्हा उठायचे. प्रार्थना सुरू करायचे आणि दुसऱ्या वाक्याला हरवायचे. चौथ्या दिवशी मी सासूला म्हटलं, मला देवाशीही बोलता येत नाही, माझा विश्वास संपला.

ती बराच वेळ माझे पाय चेपत होती. मग म्हणाली, "मले तुया देवाचं काई समजत नाई. पण तुले बसता येत नाई तं मी बसतो त्याच्यासमोर. काय म्हनाचं असते, सांग."

मी म्हटलं, नुसतं म्हण, प्रभू, हिच्याजवळ राहा.

ती जमिनीवर मांडी घालून बसली. डोक्यावर पदर घेतला आणि तेच एक वाक्य म्हणत राहिली, शेतात निंदण करताना बायका बोलतात तशा साध्या आवाजात. मी पलंगावर तळमळतच होते. छाती धडधडतच होती. शांती वगैरे काही उतरली नाही. पण मला सोडून दिलेलं नाही, एवढं मला कळलं. पुढे रोज ती तसं बसली.

सातव्या दिवशी पेशी थोड्या वाढल्या. डॉक्टर म्हणाले, "आता धोका टळतोय." सासूने खिडकीकडे तोंड करून माताबाईलाही हात जोडले. मी तिला अडवलं नाही.

दोन महिन्यांनी नागपूरला ऑपरेशन करून ग्रंथी काढली. तिच्याऐवजी आता रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यावी लागते, जन्मभर. घरी आल्यावर एका दुपारी मी तांदूळ निवडायला बसले आणि सूपभर तांदूळ संपेपर्यंत उठलेच नाही. ते लक्षात आलं तेव्हा यजमानांना हाक मारली. ते म्हणाले, "मले तवाच बोलाचं होतं भाऊसमोर. नाई बोललो." मी त्यांना बसायला जागा करून दिली.

तुमचे हात कापत असतील, विनाकारण वजन उतरत असेल, बसवत नसेल, तर आधी रक्त तपासा. आणि तुम्ही विश्वासी असाल तर छातीच्या धडधडीवरून आपला विश्वास मोजू नका. दीनाबाईंना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं की नाही, ठाऊक नाही.

अंगणवाडीत आता चौदा लेकरं येतात. भासरे अजून आमच्या घरचं पाणी पीत नाहीत. प्रार्थनेत मी रोज त्यांचं नाव घेते, कधी मनापासून, कधी नुसतं तोंडाने. दोन्ही ऐकलं जातं, असं मी धरून चालते.