कप्पा कुणाच्या ताब्यात?

हैफाजवळच्या दालियत गावच्या वदीआ हलबीला एका जागी स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. योकनेअम शहरातल्या एका कंपनीत ती बारा वर्षं नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर, म्हणजे ती कार्डं चालवणारे प्रोग्रॅम, लिहीत होती. गेले अकरा दिवस तर तिने कंपनीच्या गच्चीवर येरझारा घालून फरशा झिजवल्या होत्या. एका गिऱ्हाइकाच्या यंत्रांवर दिवसातून एखादा संदेश भलत्याच संदेशाचे तुकडे घेऊन येत होता.

"अगं, खुर्चीला काटे आलेत का तुझ्या?" शेजारच्या टेबलावरचा बोरिस म्हणाला. "हार्डवेअरवाल्यांच्या गळ्यात मार आणि जेव."

"घास उतरत नाही रे." लेबनेचा आंबट चक्का लावलेली पोळी तशीच पडली होती.

ड्रायव्हर मेमरीतले रिकामे कप्पे गोल रांगेत मांडून कार्डाच्या हवाली करतो. कार्ड कप्पा भरून 'झाला' अशी खूण करतं. ड्रायव्हर तो उचलतो नि त्या जागी दुसरा रिकामा ठेवतो. कप्पा एका वेळी एकाच्याच ताब्यात, एवढाच नियम.

दुपारी नोंदी चाळताना तिला दिसलं, की प्रत्येक घोटाळ्याच्या क्षणभर आधी यंत्राची मेमरी संपत आलेली होती. मेमरी संपल्यावर काय करायचं, ते सांगणारी कोडमधली जागा तिने उघडली. खरं तर नवा कप्पा मिळाला नाही, तर आलेला संदेश सोडून द्यायचा असतो. पाठवणारा पुन्हा पाठवतो. इथे मात्र संदेश वर वाचायला दिला होता आणि तोच कप्पा कार्डालाही परत केला होता. सहा वर्षांपूर्वी तिनेच तसं लिहिलं होतं. एकही संदेश गळू नये, ही तिची हौस. तेव्हा रांगेची फेरी पुरी होण्याआधी वाचून व्हायचं. आताची कार्डं चौपट वेगाची. वाचणाऱ्याच्या डोळ्यांदेखत ती कप्प्यावर नवं लिहीत होती.

"दुरुस्त कर नि गप्प बस," बोरिस हळूच म्हणाला. "कुणाला कळतंय?"

वदीआने गिऱ्हाइकाकडच्या तिर्झाला फोन लावला. "चूक तुमच्याकडची नाही. माझी आहे."

मग तिर्झा म्हणाली, "यापायी मी माझ्या हाताखालच्या दोघांना घरी बसवलंय, वदीआ."

"मग आत्ता बोलाव त्यांना. माझं नाव सांग."

संध्याकाळपर्यंत दुरुस्ती गिऱ्हाइकाकडे गेली, आणि घोटाळे थांबले. दोघांपैकी एकजण परत आला. दुसऱ्याने तोवर हैफात दुसरं काम धरलं होतं. वदीआने त्याचा नंबर मिळवला. चार वेळा फोन केला, पण त्याने उचलला नाही.