पत्र्यावरचे टायर

"टायर वॉल नाही, तर रेस नाही," मॅडम म्हणाल्या.

धरणगावजवळच्या माळावर लोक जमायला लागले होते. रायडर इंजिनं तापवत होते. आणि आमचा ट्रक घाटात एक्सल मोडून बसला होता. आत टायरच टायर, पण ट्रक काही हलेना.

मी रस्त्यांचा कॉन्ट्रॅक्टर. उभा जन्म मुरूम आणि डांबरात गेला. मोटरसायकल रेसचं वेड मात्र मिसरूड फुटायच्या आधीचं, म्हणून हा मातीचा ट्रॅक बांधायचं काम हौसेने अंगावर घेतलं. आमच्या भागात कित्येक वर्षांनी रेस होत होती. ती रद्द झाली असती तर परत इकडे कुणी फिरकलं नसतं.

मॅडम पुण्याहून आलेल्या सेफ्टी ऑफिसर. त्यांची सही झाल्याशिवाय गाडी सुटत नाही. त्यांचं बोट होतं तिसऱ्या वळणावर. तिथे गाडी उताराने जोरात येते आणि वळणाच्या बाहेर लगेच मुरमाचा बांध आहे. सुटलेल्या गाडीचा वेग मरायला मोकळी जागा लागते, तिला रन-ऑफ म्हणतात. जागा नसेल तर जुने टायर एकावर एक रचून बांधायचे, ती टायर वॉल. टायर दबतो, माणूस वाचतो.

"मॅडम, आमच्या वेळी असलं काही नव्हतं," मी म्हणालो.

"मग काय व्हायचं?"

मी त्या बांधाकडे बघितलं.

आमच्या वेळी ट्रॅक म्हणजे धुळ्याबाहेरचं माळरान आणि चुन्याची रेघ. आम्ही वळणाला चिकटून उभे राहायचो. ज्याच्या तोंडात जास्त धूळ, तो जास्त शौकीन. हेल्मेट मागून आणलेलं, पायात कॅनव्हासचे बूट. माझा जिवलग मित्र दिलीप अशाच एका बांधावर आदळला. ॲम्ब्युलन्स कुठली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून नेला. त्याचा गुडघा पुन्हा वाकला नाही. मागे रेस चालूच होती.

"तुमचं बरोबर आहे. दुपारपर्यंत वेळ द्या," मी म्हणालो.

जळगावला फोन लावले, पाचोऱ्याला लावले. रविवार, दुकानं बंद. ट्रॅकला लागून वस्ती आहे. तिथल्या पहिल्याच घरातली अक्का रायडरांना चहा देत होती. माझी बोंबाबोंब ऐकून ती बाहेर आली.

"भाऊ, टायर जोयजेत ना? मंग वर देख. बठ्ठासना घरवर शेतस."

वर बघितलं. तिच्या पत्र्यावर टायर, शेजारच्या पत्र्यावर टायर. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून आमच्याकडे वर दगड ठेवतात, नाहीतर जुने टायर. जन्मभर बघत आलो, तरी काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"अक्का, पण संध्याकाळी वारं सुटतं."

"संध्याकाळले परत आनी दे. पत्रा उडना तं तुलेच वर बसाडसूत."

अख्खी वस्ती छपरावर चढली. मॅडमनी एकेक टायर दाबून पाहिला, तारा निघालेले बाजूला काढले. रचून बांधलेल्या भिंतीला लाथ घालून पाहिली आणि मगच सही केली.

फायनलला पाचोऱ्याचा गॅरेजवाला इरफान पुढे होता. तिसऱ्या वळणावर त्याचं मागचं चाक घसरलं. गाडी एकीकडे आणि इरफान सरळ टायरमध्ये. लाल झेंडा वर गेला. सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबल्या, डॉक्टर धावले. माझ्या डोळ्यांपुढे दिलीप. मग इरफान उठून बसला, हातपाय हलवून पाहिले आणि म्हणाला, "गाडी ठीक आहे ना?"

खांद्याला मुका मार, बाकी काही नाही. मी तिथेच मातीत बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. रेसमधली मजा गेली असं आमची जुनी मंडळी म्हणतात, मीही म्हणायचो. आता नाही म्हणत. मॅडमचे आणि त्या वस्तीचे उपकार मी विसरणार नाही.

बक्षीस समारंभात पाहुण्यांचं भाषण रंगलं असतानाच मंडप फडफडला. मी उठून पळालो. टायर वॉलच्या दोऱ्या कापल्या. रायडर होते त्याच रेसिंग सूटमध्ये टायर गडगडवत वस्तीत न्यायला लागले. गळ्यात हात बांधलेला इरफान एक टायर कवटाळून अक्कासमोर उभा राहिला.

"अक्का, हा मला द्या. गॅरेजमध्ये टांगतो. याने माझा जीव वाचवलाय."

अक्का शिडीवर होती. तिने वरूनच हात पुढे केला.

"तुना जीव वाचना ना? मंग आते मना पत्रा वाचू दे."

त्याने गुपचूप टायर वर दिला. तेव्हापासून ट्रॅकचं काम घेतलं की मी आधी टायर मागवतो, मुरूम नंतर.